पिट्टूचा पट्टा

काकाजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शहापूरच्या त्या शेडमध्ये तुमच्या हाताखाली शिवण केलेलं कुणी आता क्वचितच भेटतं. तरी थंडी पडली की तुमच्या मुलाचा दिवस मला आठवतो. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. घरी आलेल्या सामानात त्याचा पिट्टू होता, जवानाच्या पाठीवरची जाड कापडी पिशवी. तिचा एक पट्टा शिवणीतून निघालेला, आणि पोराने तो सुतळीने बांधून घेतलेला. आपल्या शेडमध्येही असेच पिट्टू शिवले जात. हा कुणाच्या हातचा, ते तुम्ही कधी शोधलं नाही. त्याच्या दिवशी फोटो नाही, हार नाही. तो पिट्टू कापणीच्या टेबलावर ठेवायचा, थोडा वेळ सगळ्या मशिनी बंद, आणि मग प्रत्येकाने आपल्या हातचा एक दोष सांगायचा, तो कसा काढणार तेही सांगायचं.

माझ्या पहिल्या वर्षी तो दिवस आला तेव्हा मी नवीनच होते. घर माझ्याच शिलाईवर चालायचं. दोष सांगितला तर उद्यापासून येऊ नको म्हणाल, ही धास्ती. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, "माह्यं काम बरोबर हाय, काकाजी."

"बरोबर? मंग मास्तरीनच भेटली म्हना आपल्याले!"

बाया खिदळल्या. तुम्ही माझ्या ढिगातला एक पिट्टू काढून आढ्याला टांगलात आणि त्यात कोपऱ्यातल्या पोत्यातलं अर्धं नवं धान ओतलंत. पट्टा सुटला. धान फरशीभर पसरलं, आणि हसणं थांबलं.

"उसव सारे."

"संध्याकाळी ट्रक येऊन राहिला ना, काकाजी."

"येऊ दे. ट्रक उभा राहीन. पहाडावर त्या पोरायले सुतळी कोन देईन वं?"

मला वाटतं, आता हिशेब चुकता करून घरी पाठवणार. तुम्ही मात्र स्टूल ओढता, चष्मा पुसता आणि माझ्या शेजारी उसवायला बसता. मी सुईला दोष देते. "सुईले कायले शिव्या देऊन राहिली? मशिनीचा पाय पाह्य." मी पाहते. जाड घडीवर चढताना कापड दाबणारा तो पाय मागे कलतो आणि टाका सुटतो. मी पायाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवते, आणि पाय सपाट बसतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना माझ्या मशिनीजवळ उभं केलंत. "हिच्यापासून शिका." ट्रक रात्रभर थांबला होता, त्याबद्दल शेडच्या मालकाचं बोलणं तुम्ही एकट्याने ऐकून घेतलंत.

पुढे शेडची देखरेख माझ्याकडे आली तेव्हा तो दिवस मी तसाच पाळला. सगळ्यांच्या आधी माझा दोष सांगायचे, म्हणजे नव्या बायांना भीती वाटायची नाही. हे तुमचंच देणं.

पण पहिल्या वर्षीचा दोष अजून सांगायचा राहिला आहे. सुटलेले टाके मला आधीच दिसले होते, काकाजी. ते पिट्टू मी ढिगाच्या तळाशी सरकवले होते, आणि तुम्ही नेमका तळातलाच ओढलात. तुम्हाला ठाऊक होतं का, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही.