पालथं पोस्टकार्ड

केनवड, २७ जानेवारी २०२५

प्रिय संघदीपदादा,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोन बंद ठेवलाय, म्हणून कागद हाती घेतला. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मी वाशीमच्या समुपदेशन केंद्रात जे सांगितलं, ती फाईल कोणीतरी फोडली. चाळीस बायकांची बयाणं, नावानिशी, गावच्या ग्रुपवर आली. हे चार भिंतींबाहेर जाणार नाही, असं तिथल्या बाईंनी शपथेवर सांगितलं होतं. चुलीत गेली ती शपथ!

काल गिरणीवर देवलाबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, की इतकं मारून राह्यला होता तर माहेरी काहून नाही गेली. दुसऱ्याचं वाचायची लाज नाही का, असं मी म्हटलं, तर म्हणे, फोनवर आलं ते वाचलं, आमी काय चोरी केली? नवऱ्यानंही वाचलंय. दोन दिवस गप्प आहे, त्याचीच जास्त भीती वाटते. तू वकिलाकडे टायपिंग करतोस, तर विचारून सांग, हे वाचणं गुन्हा नाही का?

आणि तू ती फाईल उघडू नको. गावानं वाचलं, तू नको. पोस्टमन शेजाऱ्यांचं पोस्टकार्ड आपल्याकडे टाकून जायचा, तेव्हा वाचता येत असूनही बाबा ते पालथं धरून नेऊन द्यायचे. आठवतं ना?

वहिनीस जयभीम. माया आहे ती पातळ होऊ देऊ नको.
तुझी रत्नमाला

वाशीम, ३ फेब्रुवारी

चि. रत्नमालास अनेक आशीर्वाद व जयभीम.
इकडे सर्व ठीक. साहेबांना विचारलं. ग्रुपवर आलेलं नुसतं वाचलं म्हणून साध्या माणसाला शिक्षा होईल, असं कलम त्यांना तरी दिसत नाही. फोडणारा, पुढे धाडणारा, त्यावरून धमकावणारा मात्र अडकू शकतो. तेव्हा देवलाबाईच्या नादी लागू नको. ग्रुपवर पहिल्यांदा कोणी टाकलं ते कळव, पोलिसांत द्यायचा अर्ज मी टाईप करतो.

मी काही उघडलेलं नाही, निश्चिंत राहा. पण वेडाबाई, त्या दिवशी जिन्यापर्यंत येऊन, आतला टीव्हीचा आवाज ऐकून परत का फिरलीस? बेल वाजवायची होतीस. घर काय परक्याचं होतं?

तब्येत जप. राग मनात धरू नये.
तुझा दादा

केनवड, ९ फेब्रुवारी

दादा, जयभीम.
जिन्यावरून परत फिरल्याचं मी जगात एकाच माणसाला सांगितलं, केंद्रातल्या बाईला. टीव्हीचा आवाजही तिलाच सांगितला. फाईलचं पान अठरा. म्हणजे तू वाचलंस, आणि वर खोटं लिहिलंस. त्यापेक्षा देवलाबाई परवडली, ती तोंडावर तरी बोलली. संताप संताप झालाय माझा, दोन कागद फाडून हा तिसरा लिहिते आहे.

कलम नाही म्हणे! पोस्टकार्ड पालथं धरायला बाबांना कोणतं कलम लागलं होतं?

बेल का नाही वाजवली, तेही त्याच पानावर आहे. त्याआधी मी सुजलेलं तोंड घेऊन तुझ्याकडे आले, तेव्हा संसार सांभाळ म्हणत तूच मला परतीच्या एसटीत बसवलंस. तेवढ्या ओळींपुरते डोळे मिटलेस का?

अर्ज टाईप कर, सही मी करीन. नवरा परवा बोलला. काय बोलला ते कोणत्याही फाईलमध्ये तुला वाचायला मिळणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन येते आहे. बेल मी वाजवणार नाही. दार उघडून तू जिन्यात उभा राहा.

लोभाचं मग बघू.
रत्नमाला