धरणाचा भोंगा

मानपाडा, डोंबिवली

अहो,

पायांवर डोकं ठेवते असं लिहायला सांगणार होते, पण रागात आहे, तेव्हा लांबूनच नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आपला प्रभाकर काळजी घेतो, त्याची लेक श्रिया हे लिहितेय. तुमचा गुडघा कसा आहे? म्हैस लाथा मारत नाही ना?

काल तुम्ही नदीकाठावरून फोन केलात, तेव्हा मागे धरणाचा भोंगा वाजला. मला इथे डोंबिवलीत ऐकू आला! मी ओरडले, "अहो, पाणी सोडतायत, वर चढा!" तुम्ही म्हणालात, "हो हो, जेवलो."

इतकी वर्षं वाटायचं, तुम्हाला फक्त माझंच ऐकू येत नाही.

वीज करायला रोज पाणी सोडणार, आणि रोज तुम्ही नदीतून पलीकडच्या शेतावर जाणार. मी तिथे होते तेव्हा काठावरून हातवारे करायचे. आता कोण करणार?

म्हणून शेजारच्या सुनंदाला सांगितलंय. भोंगा झाला की ती माझं लाल लुगडं काठावरच्या जांभळीवर टाकेल. ते दिसलं की पाण्यात पाय घालायचा नाही. तिच्याशी वाद घालू नका. लुगडं माझं आहे, मीच ओरडतेय असं समजा.

तुमचीच यशोदा
(खाली अंगठा माझाच आहे.)