ढिगावरची बाभूळ

पुलगाव, दसऱ्यानंतरचा सोमवार, १९८१

मँगनीजच्या कंपनीचा अहवाल आला. शेअर थोडेच, पण माझे आहेत. खाणीवरचा शिल्लक माल यंदाही वाढला, आणि खाली लिहिलंय, मालाला जोरदार मागणी आहे. मग तो पडून का? काल स्वतः जाऊन पाहिलं. त्या मालाच्या ढिगावर कमरेइतकी बाभूळ उगवलीय. एका पावसात एवढी बाभूळ होते?

दीर म्हणाले, "वहिनी, ताळेबंदातलं तुमाले काय समजते? सही करा अन् मोकळ्या व्हा."

सभेत माझं मत संचालकांनीच द्यावं, अशा फॉर्मवर दरवर्षी मुकाट सही केली. यंदा नाही. नागपूरच्या सभेला मीच जाणार, त्या बाभळीची फांदी घेऊन.

"काटे तरी काढा," दीर म्हणाले.

नाई काढत.