दोष क्रमांक सतरा

सोमवार, २ फेब्रुवारी १९५३. डोंबिवली.

आज नव्या मुक्कामी पोहोचलो आणि मन प्रसन्न झाले. स्टेशनाबाहेर टांगा मिळाला. दहा मिनिटांत भातखाचरे लागली आणि त्यांच्या पलीकडे गृहमंडळाची बारा कौलारू घरे, नवी कोरी, एका रांगेत. लांबवर मलंगगड स्वच्छ दिसतो. हवा कोरडी, विहिरीचे पाणी गोड. बारा कारकुनांची कुटुंबे मुंबईच्या अंधाऱ्या खोल्या सोडून इथे येणार. त्यांच्या हाती किल्ल्या देण्याआधी प्रत्येक घर तपासायचे, दोषांची यादी करायची, दुरुस्ती करून घ्यायची आणि मग दाखल्यावर सही करायची, एवढे माझे काम. मंडळाने नऊ नंबरचे घर मला राहायला दिले आहे. सुमेधा आणि दीड वर्षाची मंदा गुरुवारी, २६ तारखेला, इथेच येतील. पश्चिमेच्या भिंतीशी मंदाचा पाळणा टांगायचा असे मनाशी ठरवूनही टाकले.

संध्याकाळी गवंड्यांना गोळा करून तासभर बोललो. विषय: विज्ञान आणि श्रम. दोघे झोपले. बाकीचे झोपले नाहीत, कारण ते उभे होते.

बुधवार, ४ फेब्रुवारी

सुरुवात नऊ नंबरपासूनच केली. स्वतःच्या घराला सूट देणारा तपासनीस चोर समजावा.

एक: ओळंबा सोडला तर पश्चिमेची भिंत बोटभर बाहेर. मिस्त्री म्हणतो, "वारा तिकडचा हाय, सायेब." दोन: विटा भिजवल्याशिवाय लावल्या, त्यांनी चुन्यातले पाणी पिऊन टाकले, आता सांधा नखाने कोरता येतो. तीन: रेती खाडीची. पायथ्याला आत्ताच लोणा फुटून मिठागराची शोभा आली आहे. चार: पुढचे दार. ओल्या लाकडाची चौकट वाळून पिळवटली. खांदा लावल्याखेरीज दार हलत नाही. खिडकीवरच्या तुळईला तडा. कौलांचा उतार पाणी बाहेर टाकण्याऐवजी भिंतीवर आणणारा. अकरा: मागच्या दारापाशी विटांचा एवढा ढीग रचला आहे की ते दार नसल्यात जमा. असे सोळा दोष. हा देश स्वतंत्र होऊन साडेपाच वर्षे झाली आणि आम्हाला सरळ भिंत बांधता येत नाही. सभेत टाळ्या मात्र बिनचूक वाजवतो.

फरशी तेवढी चांगली निघाली. लाकडी हातोडीने एकेक शहाबादी वाजवून पाहिली. खाली पोकळी असली की आवाज बद्द येतो. एकही बद्द नाही. या कंत्राटातली ही एकच प्रामाणिक गोष्ट.

सतरावा दोष पश्चिमेच्या भिंतीतच. गवंडी ज्या बांबूंच्या परांचीवर उभे राहून काम करतात, तिचे आडवे बांबू भिंतीतल्या भोकांत खुपसलेले असतात. परांची उतरवताना भोके बुजवत खाली यायचे असते. सगळी बुजवली आहेत. बाहेरच्या अंगाला तेरा फुटांवर एक तेवढे उघडे ठेवले आहे.

मुख्य मिस्त्री दगडू याला कारण विचारले. त्याने तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाला, "त्येवढं ऱ्हाऊ द्या. तानाजी तिथनं पडला. अजून उतरला न्हाई."

तानाजी नावाचा गवंडी महिन्यापूर्वी त्याच बांबूवरून पडून मेला, जाळला, राख खाडीत गेली. तरी उतरला नाही! यांची रीत अशी की माणूस ज्या बांबूवरून पडला त्याचे भोक वर्षभर बुजवायचे नाही. मी म्हटले, अरे, पडला म्हणजे खाली आलाच की. त्यावर हा महापंडित सांगतो, "पडणं निराळं, उतरणं निराळं."

चाळीस माणसे. हातात ओळंबा, आणि डोक्यात भोक.

शनिवार, ७ फेब्रुवारी

कंत्राटदार विश्रामशेठ येऊन गेले. कोटाला अत्तर, बोलण्याला तूप. अहवालात अपघाताची एक ओळ हवी म्हणाले: तानाजी दारूच्या अंमलात होता. मी विचारले, कशावरून? ते हसले. अहो सोहोनीसाहेब, ही माणसे दुसऱ्या कशाने पडतात?

माणूस हलका आहे, पण एवढे खरेच बोलला. दारूबंदी होऊन तीन वर्षे झाली तरी खाडीकाठी हातभट्ट्या धुमसतात, हे मी किती व्यासपीठांवरून सांगितले आहे. ओळ लिहिली. सही केली. दुपारच्या सुट्टीत मजुरांपुढे याच विषयावर बोललोही, उदाहरण तानाजीचेच दिले. चुन्याच्या पाट्या वाहणारी एक बाई मध्येच उभी राहिली. म्हणाली, त्याने कधी थेंब घेतला नाही, परांचीचे सुंभ कुजले होते, तो दोनदा सांगून आला होता. ती त्याची बायको, कलावती. मी तिला सौम्यपणे सांगितले, बाई, प्रत्येक बायको हेच म्हणते.

भाषण उत्तम झाले.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आठ दिवस झाले, सतरा नंबरला कुणी हात लावीना. दगडू म्हणतो हात दुखतो. दुसऱ्याला म्हणे ताप. शेवटी आज सर्वांना अंगणात उभे केले आणि स्वतः शिडी चढलो. वरूनच बोललो. म्हटले, भिंतीत कोणी असेल तर त्याने आत्ता यावे, मी त्याला राहण्यायोग्य असल्याचा दाखला देतो. कुणी हसले नाही. विनोद कळायला शाळेत जावे लागते.

भोकात सुंभाचा एक तुकडा अडकला होता. बोटात धरताच त्याचा भुगा झाला. तो तसाच आत ढकलला, विटेचे तुकडे घातले, वर चुना थापला. पाच मिनिटांचे काम. खाली पाहिले तर कलावती थापीकडे बघत होती.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आतून भिंत वाजवून पाहिली. बरोबर तेरा फुटांवर, बुजवलेल्या जागेमागे, ताटाएवढा भाग बद्द वाजतो. गिलावा सुटला असणार. खडूने वर्तुळ काढून तारीख टाकली.

विश्रामशेठने गवंडी शीळ गावच्या कामावर हलवले. माझ्या अहवालानंतर कलावतीची झोपडीही इथून उठवली. जाताना दगडूने मला नमस्कार केला नाही. बरे झाले, मीही केला नसता.

रविवार, १५ फेब्रुवारी

विचित्र आहे. वर्तुळातला भाग आज भरीव वाजतो. बद्द आवाज दोन फूट खाली, अकरावर. काल बारावर होता. मोजपट्टीत चूक नाही, तीनदा मोजले. कारण उघड आहे: मुरलेले पाणी खाली सरकते आणि गिलाव्याला सोडवत जाते. मात्र वरचा गिलावा पुन्हा चिकटतो कसा, हे कुठल्या ग्रंथात वाचल्याचे आठवत नाही. ग्रंथ लिहिणाऱ्यांनी विश्रामशेठची रेती पाहिलेली नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आठ फूट. दिवसाला एक फूट, घड्याळासारखे. आता वर्तुळही राहिले नाही. हातोडीने कडा शोधत खडू फिरवला तर आकृती खांद्यांएवढी रुंद निघाली आणि वर अरुंद.

गिलावा फोडला. मागे विटा जागच्या जागी, पक्क्या. एका विटेवर ओल्या चुन्याचा पंजा उमटलेला. बोटे खाली. गवंड्यांचे हात बरबटलेलेच असतात, त्यात काय. पण ही वीट लावून तीन महिने झाले आणि चुना माझ्या बोटाला लागला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सहा फूट. माझ्या तोंडासमोर.

एकदा वाजवले. थांबलो. आतून एकदा वाजले.

मी हसलो. पोकळीत प्रतिध्वनी उठतो, शाळकरी पोरही सांगेल. मग मुद्दाम वाजवले नाही. हातोडी खाली ठेवली आणि उभा राहिलो.

प्रतिध्वनी आला.

घशात चुन्याची धूळ गेली आहे. आवाज बसला.

रविवार, २२ फेब्रुवारी

कल्याणला वाचनालयात व्याख्यान होते. भुते आणि भित्रा समाज. पहिल्या वाक्याला घसा बंद झाला. तोंड उघडे, शब्द नाही. तीनशे माणसे. पहिल्या रांगेतला एक म्हातारा कुजबुजला ते मात्र मला स्पष्ट ऐकू आले: "काय झालं हो यांना? भूत दिसलं की काय?" रांग हसली.

मूर्ख. सगळेच मूर्ख. चार फूट.

चार म्हणजे मंदाच्या पाळण्याची उंची. आणि वजाबाकी मला येते. गुरुवारी शून्य.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सासऱ्यांना तार केली. सुमेधाला थांबवा. कारण काय लिहायचे? घर ओले आहे, असे लिहिले.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

उलट तार आली. सुमेधा आधीच पुण्याला बहिणीकडे निघून गेली. गुरुवारी तिथूनच परस्पर इथे. पुण्याचा पत्ता मला ठाऊक नाही; मागवून तार करीपर्यंत ती निघालेली असेल. स्टेशनावर उभा राहीन, तिथूनच दोघींना परत नेईन. सोपे आहे.

शिडी लावून भोक उघडले. छिन्नीने सगळे काढले. विटेचे तुकडे, चुना. सुंभ नाही. भुगासुद्धा नाही. आत हात घातला, कोपरापर्यंत —

दोन फूट. आज वेगही वाढलेला नाही, कमीही झालेला नाही. घाईत नाही तो.

मी "तो" लिहिले. खोडत नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

शिळेला गेलो. बैलगाडीने. कलावती पाट्या वाहत होती, तीनेक वर्षांची मुलगी रेतीत खेळत होती. मला बोलता येईना; कागदावर लिहून दगडूकडून वाचवून घेतले. भोक उघडले आहे, आता काय करू, असा प्रश्न. त्र्यंबक सोहोनीने लिहिलेला.

दगडू म्हणाला, आता उघडून काय उपयोग, तो केव्हाच खाली निघाला. वाट बुजवल्यावर भिंतीतनंच येणार.

कलावती माझ्याकडे न बघता बोलली. तो कुणाचे वाईट करणारा नव्हता. कामावरून उतरला की हातसुद्धा धूत नसे. चुन्याने भरलेल्या हातांनी आधी पोरीला उचलायचा, उंच. "घरात पोर दिसली की झालं. कुणाची का असंना." मग म्हणाली, तिच्या पोरीला आता सगळे बेवड्याची पोर म्हणतात. तेवढे पुसा, लिहिलेले पुसा. पुढचे तिला ठाऊक नाही.

परत येऊन अहवाल लिहायला बसलो. तीन वेळा सुरुवात केली. तिन्ही वेळा दुसऱ्या ओळीपासून व्याख्यान झाले. मजुरांचे अज्ञान, देशाची स्थिती. तानाजीचे नाव येईना. सुंभ मी हातात धरला होता, हे येईना. दमलो आहे. उद्या गाडीच्या आधी लिहीन.

एक फूट.

गुरुवार, २६ फेब्रुवारी. सकाळ.

भिंत वाजवली. वरपासून खालपर्यंत. शिडीवर चढून, गुडघ्यांवर बसून. कुठेही बद्द नाही. सगळी भरीव. दुरुस्त भिंत. इतका आनंद झाला की रडलो.

मग लक्षात आले, भरीव का ते.

तो उतरला.

साडेदहा

दार उघडत नाही. दोष क्रमांक चार. खांदा लावला, पहार लावली. मागच्या दाराला विटा. खिडक्यांना गज. सगळे मीच लिहून ठेवले आहे, अनुक्रमाने.

ओरडता येत नाही. घशात चुना.

गाडी अकराची.

अकरा वाजून गेले

फरशी. भिंतीलगतची पहिली फरशी बद्द वाजते. तीन आठवड्यांपूर्वी एकही नव्हती. दुसरी भरीव. तिसरी बद्द. पाचवी बद्द. एकाआड एक — पावलांसारखी —

माझ्याकडे येत नाहीत. टेबलाजवळून गेल्या. दाराकडे —

उंबऱ्यालगतची आता बद्द —

टांग्याची घंटा.

हे पान फाडून दाराखालून सरकवतो. सुमेधा, आधी हे वाच. मंदाला खाली ठेवू नकोस, कडेवर घे. मी शुद्धीवर, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहितो की सात तारखेच्या अहवालातली ओळ खोटी आहे. तानाजी

टांगा थांबला. सुमेधाचा आवाज. कुणाशी तरी बोलते आहे. हसते आहे. विचारते, अहो मिस्त्री, हे घरात आहेत ना? हात केवढे भरलेत तुमचे चुन्याने — आणि मंदा बघा कशी झेप घेते आहे तुमच्याकडे —

तानाजी प्यालेला नव्हता. सुंभ कुजका होता. मी तो हातात धरला होता. मीच तो

मंदा खिदळते आहे. उंच. तेरा फुटांवरून आल्यासारखा आवाज —

मीच तो भिंतीत