महेश बोलला होता

४ नोव्हें., मंगळ
सकाळी भाताची झोडणी. चार भारे राहिले. दुपारी पोस्टमन लिफाफा देऊन गेला, जुन्या ट्रेनिंग सेंटरचा. उन्हातली धाव आणि पाणी यावर, रंगरुटांना शिकवणाऱ्या उस्तादांसाठी नवं पुस्तक करतायत. जुन्या उस्तादांनी लिहून पाठवायचं : काय शिकवलं, का शिकवलं, आता काय बदलावं. खाली एका मेजर बाईंची सही.
सुमनने विचारलं, काय हो? म्हटलं, माहिती मागवलीय.
खरं तर बरं वाटलं. सैन्य सोडून बारा वर्षं झाली. अजून विचारतात.

६ नोव्हें., गुरु
दोन पानं लिहिली. दहा मैल, पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल. पाण्याची बाटली भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. शेवटी मी प्रत्येकाची बाटली कानाशी हलवून बघायचो. खळखळली म्हणजे पाणी प्यायलेलं, मग त्या रंगरुटाला आणखी एक फेरी. कारण : लढाईत पाणी मिळेलच असं नाही, शरीराला सवय हवी. आमच्या उस्तादांनी आम्हाला हेच शिकवलं, त्यांना त्यांच्या.
अक्षर चांगलं आलं. महेशचं लिहिलं नाही. फोटो काढून मोबाइलवर पाठवून दिलं.

८ नोव्हें., शनि
मेजर बाईंचा फोन. नागपूरकडच्या. बोलणं सरळ. म्हणाल्या, साहेब, हे सगळं जुन्या पुस्तकात आहेच. "तुमच्यासमोर कोणी पडलं असेल तर ते लिहा. त्यावरूनच नियम बदलतो."
म्हटलं, आठवून बघतो.
आठवायला काय लागतंय. एकोणीस वर्षांत एक उन्हाळा गेला नाही, की

९ नोव्हें., रवि
लिहून टाकतो, निदान इथे.
महेश. म्हसळ्याकडचा, भातशेतीवाला. वय एकोणीस. अख्ख्या कंपनीत आपल्या जिल्ह्याचा तो एकटाच. म्हणून त्याला जास्त ताणायचो. उस्ताद गाववाल्याला सांभाळतो असं कुणी म्हणायला नको.
एकोणीस वर्षांपूर्वीचा मे महिना. धावेआधी रांग लागत होती. तो जवळ आला, हळूच मराठीत म्हणाला, "उस्ताद, अंगात कणकण आहे." मी यादी बघत होतो. म्हटलं, "मराठीत रडू नको. रांगेत जा."
आठव्या मैलाला पडला. अंग तव्यासारखं. बाटली काठोकाठ भरलेली.
तीन आठवडे इस्पितळात. जगला. हातपाय थरथरायचे ते राहिलेच, चाल बिघडली, जीभ जड झाली. घरी पाठवला.
चौकशीत साहेबांनी विचारलं, आजारी असल्याचं बोलला होता? मी म्हटलं, नाही साहेब. कुणी शिकवलं नव्हतं मला, भीतीही घातली नव्हती. तोंडातून गेलं आणि मग तेच लिहून दिलं. कागदावर आलं : रंगरुटाने आजार लपवला.
चूक त्याची ठरली, म्हणून नियमात चूक निघाली नाही. बाटली पुढेही भरलेलीच परत येत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक पडला. तो बरा झाला, पण तो माझ्यामुळेच पडला.

१० नोव्हें., सोम
सुमनला सांगितलं. पहिल्यांदाच. तांदूळ निवडत होती. बराच वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, बाईंना कळवायच्या आधी त्याला सांगा.
तो कुठे असतो ते मला माहीत होतं. म्हसळ्याला जायचे प्रसंग आले, ते टाळले.

११ नोव्हें., मंगळ
आगरदांड्याहून बोटीने दिघी, तिथून एसटी. म्हसळ्याच्या अलीकडे उतरलो. महेशची रोपवाटिका आहे, सुपारी आणि आंब्याची रोपं. बायको पिशव्यांत माती भरत होती, तो बसून पाणी मारत होता. पाइप दोन्ही हातांनी धरलेला. केस पांढरे झालेत. मला बघून उठायला लागला. भिंतीला धरून, सावधान उभं राहतात तसा. मी म्हटलं, बस रे. बसला नाही.
बायकोला म्हणाला, हे माझे उस्ताद. तिने चहा केला.
वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, तसं काही आलं नाही. सरळ सांगितलं : तू त्या सकाळी मला बोलला होतास, कणकण आहे म्हणून. मी ऐकलं नाही. नंतर खोटं लिहिलं.
शिव्या देईल असं धरून चाललो होतो.
त्याने बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे मी बोल्लो व्हतो?"
त्याला ती सकाळ आठवतच नाही. ताप डोक्यात चढला त्यात ती गेली. शुद्धीवर आल्यावर जे कागदात होतं ते लोकांनी सांगितलं, आणि त्याने खरं धरलं. मीच लपवलं, मीच माझं वाटोळं केलं, असं तो मानत आला. वडील मरेपर्यंत त्याला म्हणायचे, तोंड उघडलं असतंस तर. तो ऐकून घ्यायचा. उस्ताद खोटं लिहिणार न्हाय, असं त्याला वाटायचं.
हे त्याने मला समजावून सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. रागाने नाही. त्याची बायको उठून रोपांच्या पलीकडे गेली.
मी माफी मागितली. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा तर गेले. आयला सांगा. तुमच्या तोंडानं." आई बहिणीकडे गेलीय, शुक्रवारी येईल.

१३ नोव्हें., गुरु
मेजर बाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, पुस्तकात नावाशिवाय घेता येईल. पण चौकशीत खोटं सांगितल्याचं लेखी आलं तर ते त्यांना वर पाठवावं लागेल. मला बोलावतील, काय होईल सांगता येत नाही. "साहेब, एकदा विचार करा. धावेपुरतं लिहिलंत तरी माझं काम होतं."
भल्या आहेत. त्यांना नाही कळणार, तो बोलल्याचं तेव्हा गाळलं म्हणून तर नियम तसाच

१४ नोव्हें., शुक्र
चार पानं. नाव माझं, त्याचं, सगळं. "बोलला होता" हे शब्द आले तिथे पेन थांबलं, पुढचं एका दमात झालं. शेवटी लिहिलं : रंगरूट आजारी आहे म्हणाला, तर उस्तादाने हातातली यादी खाली ठेवून त्याच्याकडे बघावं. पुस्तकात असं घालतात का माहीत नाही.
मुरुडला जाऊन रजिस्टर केलं. सुमन सोबत आली.

१६ नोव्हें., रवि
म्हसळा. आई पडवीत बसलेली, सत्तरीची. महेश शेजारी. मी खाली बसलो आणि सांगितलं.
मग तिने विचारलं, "त्यो बोल्ला तवा तुमी त्याच्याकडं बघितलं व्हतं का?"
म्हटलं, नाही.
तिने महेशचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. थरथरत होता, तो दाबून धरला. त्याला म्हणाली, तुझ्या बापानं उगाच रं तुला... महेश मान खाली घालून रडला. मी उठू की बसू कळेना.
मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, आज मी काय बोलत न्हाय. पुढल्या रविवारी या.
कशाला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. येतो म्हटलं.