जादा वेळ वापरला?

सोमवार, ३ मार्च
पुन्हा सात नंबरच्या खोलीवर मीच. एक विद्यार्थिनी, एक पर्यवेक्षक. बाकीचे दोनला सुटतात, आम्ही तीनला. बोटांचे सांधे धरतात तिचे, लिहिताना हात चालत नाही, म्हणून तीन तासांवर एक तास जादा. हक्काचा आहे, कबूल. पण दर वेळी ग्रंथपालच का? हेडक्लार्क म्हणतात – "तुम्हाला काय बाई, वर्ग नाहीत." वर्ग नाहीत, खरंय. गुडघा आहे. आणि खुर्ची लाकडी.

बुधवार, ५ मार्च
आज तिनं दोनच्या घंटेलाच पेपर दिला. "झालं, बाई." मी कशाला खोदून विचारतेय! घरी पोचले तर ह्यांनी आधी घड्याळ पाहिलं – "परीक्षा रद्द झाली की काय?" चहा त्यांनीच टाकला. गुडघा शेकत तासभर पडून राहिले. किती दिवसांनी.

शुक्रवार, ७ मार्च
आजही दोनलाच. अहवालात एक रकाना असतो – जादा वेळ वापरला? दोन्ही दिवस 'नाही' लिहून सही केली. जे झालं ते लिहिलं.

सोमवार, १० मार्च
हेडक्लार्कनी परीक्षा समितीचा कागद पुढे सरकवला. गरज दिसून येत नाही, सबब उरलेल्या पेपरांना सवलत बंद. म्हटलं, असं कसं? तर म्हणाले, "पुरावा तुमचाच आहे, बाई. सही बघा." माझीच होती. चांगली वळणदार.
तिला सांगायचं कामही माझ्याच गळ्यात. तिनं नुसती मान हलवली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १२ मार्च
भौतिकशास्त्र. दोनची घंटा झाली तेव्हा सहापैकी चौथा प्रश्न चालू होता. पेपर ओढला नाही मी, पण हात पुढे केलाच. नंतर ती डाव्या हातानं उजव्याचं एकेक बोट सरळ करत बसली. मला वर बघवेना. आज इतकं राहिलं, मग ते दोन दिवस कसं जमलं हिला?
जेवण गेलं नाही.

गुरुवार, १३ मार्च
वाचनालयात पुस्तक परत करायला आली. विचारलंच – तेव्हा लवकर का दिलास गं पेपर?
पुस्तकाकडे बघत म्हणाली, "एकेक प्रश्न राहिला होता, बाई. पण तुम्ही सारखा गुडघा दाबत होतात. म्हटलं, जाऊ द्यावं घरी."

शुक्रवार, १४ मार्च
उद्या गणित. समिती आज चारला बसतेय. हेडक्लार्कना लिहून दिलं – जादा वेळ तिनं सोडला नव्हता, तो मी घरी नेला.
"बाई, निवृत्तीला सात महिने राहिलेत. चौकशी लागेल. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?"
म्हटलं, तो पाय तसाही कामातून गेलाय. आवक नंबर टाका.