खिडकीकडची गाठ

ता. सहा, बुधवार

लाडक्या धाकटीस थोरलीचे अनेक आशीर्वाद. तू विचारलंस ते मागाहून सांगते.

अगं, काल आधी कोण टपकलं माहितीय? ती बंदरावरची घरमालकीण! जहाज धक्क्याला लागलं की आपला नातू जिच्याकडे खोली घेऊन राहायचा, तीच. मागून जहाजावरचा त्याचा जोडीदार आला, इंजिनखोलीतला. त्याला सगळे ढेऱ्या म्हणतात, नि आहे बघ वाळक्या शेंगेसारखा! घर कसं भरल्यासारखं झालं. मी दोनदा चहा केला, एकदा साखर घालायची राहिली, पण कुणी तोंड वाकडं केलं नाही.

बाई दिसायला बरी आहे. केस काळे आहेत, पण ते काय, कलप लावून आणता येतात. बसल्या बसल्या म्हणते, "मला तो आई म्हणायचा हो." लेक गेल्यावर दोन वर्षांचं पोर पदरात घेतलं मी, त्याचा गोवर काढला मी, वाट्यांच्या बोटी करून घरभर पाणी केलं ते पुसलं मी, आणि आई कोण, तर ही! मी म्हटलं, "असेल. भाडं कमी करून घ्यायचं असेल." ढेऱ्या खो खो हसला. ती पण हसली मेली. दात मात्र चांगले आहेत.

मग उठली ती थेट कपड्यांच्या दोरीपाशी. शेवटच्या सुट्टीत त्यानं बांधून दिलेली दोरी गं, दोन्ही टोकांना जहाजावरची गाठ, एक खांबाच्या आकड्यात, एक खिडकीच्या. ओघळलीय आता, चादरी जमिनीला टेकतात. शेजारीण रोज म्हणते, सोडून घट्ट बांधा. मी बांधते होय! हिनं हात पुढे केला तशी मी ओरडलेच, "सोडू नको!"

"नाही सोडत. माझ्याकडेही होती अशीच."

पुढचं ढेऱ्यानं सांगितलं. जहाज बुडालं त्याच आठवड्यात बंदरावर बॉम्ब पडले. हिचं घर, त्याची खोली, पेटी, दोरी, काही उरलं नाही. धाकटे, खोटं कशाला सांगू, मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, चला, आता माझ्याचकडे आहे.

ढेऱ्या म्हणाला, "मी देतो की तश्शीच बांधून."

"तुझ्या हातची घेऊन काय करू?" ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून हळूच, "आजी, दोन गाठींतली एक द्याल?"

मी म्हटलं, बघू.

त्याचे कपडे कुणाला दिलेस का, असं विचारलं होतंस. नाही दिले. निळा सदरा अजून धुते, त्याच दोरीवर वाळत घालते. विशीसुद्धा गाठली नाही गं पोरानं. बघ, लिहिलं एकदाचं.

सकाळीच कात्री काढून ठेवलीय. खांबाकडची देईन तिला. खिडकीकडची त्यानं मागाहून बांधली होती, ती माझी. आई म्हणाला असेल तिला, पण जाताना शेवटचा हात माझ्या खिडकीला लागलाय. चादरी काय, खुर्च्यांवर वाळतील.

तुझी ताई,
आणि त्याची आजी

दोघं रविवारी परत येतो म्हणालेत.